मजुरी धरली का ताई हिशेबात?

गेल्या अंकात बायकांच्या घरगुती धंद्यांवर लिहिलं होतं, त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉइस मेसेज आले की सगळ्यांना उत्तर देणं शक्यच नाही. म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते घेतलेत. नावं काढून टाकली आहेत, तालुका तेवढा ठेवलाय. ज्यांनी "छापू नका, फक्त सांगा" असं लिहिलं त्यांना वेगळं कळवते.

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही बचत गटातल्या बाया मुंगवड्या, उडदाचे पापड आन् सरगुंडे करतो. माल चांगला आहे असं मी नाही, लोकं म्हणतात. नागपूरहून ऑर्डर येते, दिवाळीत तर हात पुरत नाही. मुंगवड्या २०० रुपये किलो देतो, बाजूच्या गावची बाई तेवढ्यालेच देते म्हणून. पण वर्षाच्या शेवटी पेटी उघडली का काहीच नसते. काहून असं होते? आता गटातल्या पोरी मशीन घेऊ, लोन काढू म्हणून राहिल्या. काढू का? (आर्वी तालुका)

उत्तर : मशीन थोडं बाजूला ठेवा आणि वही घ्या. भाव तुम्ही शेजारणीचा बघून ठरवला, तिने तिसरीचा बघून ठरवला असेल, आणि त्या तिसरीने बहुतेक मनानेच ठरवला असेल. खर्च कोणीच मांडलेला नाही. चला आपण मांडू, आकडे तुमच्याकडच्या भावाने मागेपुढे करून घ्या.

समजा १० किलो मूगडाळ, ११५ रुपयांची, झाले ११५०. आलं, मिरची, जिरं, हिंग, मीठ १५०. दळण आणि वीज ५०. पाव किलोपेक्षा थोडी लहान, २०० ग्रॅमची पिशवी आणि लेबल, ४ रुपयाला एक, असे २०० धरा. तालुक्याला पोचवायचं ऑटोचं भाडं १००. एकूण १६५०. वाळल्यावर चुरा-बिरा काढून हातात येतात साडेनऊ किलोच्या आसपास, २०० ने विकल्या तर १९०० रुपये. म्हणजे वर राहिले २५०, आणि तुम्ही म्हणता चला नफा झाला.

पण रात्री डाळ भिजवली कोणी, पहाटे उठून वाटली कोणी, धोतराच्या फडक्यावर एकेक वडी बोटाने तोडली कोणी, उन्हात दोन दिवस कावळे-बकऱ्या हाकलत पलटवल्या कोणी, मोजून पिशव्यांत भरल्या कोणी? एका बाईचे तीन दिवस तरी यात गेले. तीच बाई निंदायला गेली असती तर रोजचे ३०० घेऊन आली असती, तीन दिवसांचे ९००. हे ९०० तुमच्या हिशेबात कुठेच नाहीत. धरले तर खर्च जातो २५५० वर, किलोला साधारण २६८ रुपये, आणि तुम्ही विकून राहिल्या २०० ला. म्हणजे नागपूरच्या गिऱ्हाइकाला तुम्ही किलोमागे ६८ रुपये आपल्या घामातून आहेर करून राहिल्या आणि वरून "ताई १० रुपये कमी करा ना" हेही ऐकून घेता.

पेटी रिकामी राहते ती यामुळे. तुमचा हात चांगला आहे, गिऱ्हाईक आहे, फक्त स्वतःची मजुरी तुम्ही घरकामात जमा केलीये. मला तर आलेल्या निम्म्या पत्रांचं मूळ इथेच दिसतं.

२०० ग्रॅमची पिशवी ७० रुपयाला लावा. दुकानदाराने २० टक्के घेतले तरी तुम्हाला ५६ मिळतात, साडेनऊ किलोच्या ४७ पिशव्या झाल्या, म्हणजे २६३२ रुपये. मजुरी निघून वर थोडं राहतं. जास्त नाही राहत, खरं आहे, पण मजुरी तर मिळाली. ७० ला गिऱ्हाईक तुटेल ही भीती प्रत्येकीला वाटते. काही तुटतीलही. जे तुटतील ते तसेही तुम्हाला तोट्यातच नेत होते.

आणि मजुरी रोजच्या रोज लिहा, वर्षाच्या शेवटी उरलेलं वाटून घेऊ असं ठेवू नका, कारण उरतच नाही. लिज्जत पापडाची गोष्ट सगळ्या सांगतात, १९५९ मध्ये मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलं वगैरे, ८ मार्चच्या भाषणात ती हमखास असतेच. पण त्यातला कामाचा भाग कोणी सांगत नाही. तिथे पीठ केंद्रावर मळून मिळतं, बाई घरी नेऊन लाटते, लाटून आणलेले पापड मोजले जातात आणि त्याची वणाई, म्हणजे लाटण्याची मजुरी, तिला मिळते. नफा-तोटा नंतरची गोष्ट, वणाई आधी. तुमच्या गटातही कोणी किती किलो वड्या तोडल्या याची वही एकीने ठेवा. त्यावरून थोडी भांडणं होतील, होऊ द्या, आता जी मनातल्या मनात होऊन राहिली त्यापेक्षा बरी.

आता मशीन. वाटायचं मशीन घेऊन तुमची अडचण सुटत नाही, तुमचा माल अडतो तो जून ते सप्टेंबर ऊन नसतं तेव्हा. म्हणून घ्यायचंच तर आधी ऊन नसतानाही चालेल असा विजेवरचा ड्रायर बघा. अन्नप्रक्रियेसाठी केंद्राची पीएमएफएमई नावाची योजना २०२० मध्ये आली, तिच्यात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान ठेवलंय, आणि बचत गटाला सदस्यामागे ४० हजारांपर्यंत बीजभांडवल. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जाऊन योजनेची सध्याची मुदत विचारा आणि जिल्ह्याच्या डीआरपीचा, म्हणजे योजनेसाठी नेमलेल्या मदतनीसाचा नंबर मागा, अर्ज भरून देणं हे त्या माणसाचं कामच आहे, त्याचे वेगळे पैसे द्यायचे नाहीत. पण आधी दोन-तीन महिने नव्या भावाने विकून बघा आणि मग लोनकडे जा. तोट्याच्या भावावर मोठं मशीन बसवलं की तोटाही मोठा होतो.

प्रश्न : जवसाची चटणी आणि मेतकूट विकते. तालुक्याचा एक एजंट म्हणतो फूड लायसन, उद्यम आन् जीएसटी तिन्ही काढून देतो, ७ हजार लागतील. द्यावे का? (दर्यापूर तालुका)

उत्तर : नाही. तुमच्याएवढ्या धंद्याला एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची साधी नोंदणी लागते, ती त्यांच्याच फॉसकॉस नावाच्या वेबसाइटवर होते, सरकारी फी वर्षाला १०० रुपये. उद्यम नोंदणी आधारवर होते आणि फुकट आहे, एक रुपयाही नाही. मालाच्या धंद्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल आणि तुम्ही राज्यातच विकत असाल तर जीएसटी नंबर काढायची सक्ती नाही. गावच्या सीएससीवाल्याला (ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्राच्या माणसाला) किंवा शिकलेल्या भाचीला बसवा, तासाभराचं काम आहे. लेबलवर मात्र नोंदणी क्रमांक, वजन, किंमत, कधी बनवलं, कधीपर्यंत चांगलं, घटक, पत्ता आणि शाकाहारी मालाचा हिरवा ठिपका हे सगळं पाहिजे. शहरातलं दुकान पहिले तेच बघते.

प्रश्न : ताई, नाव छापू नका. मी शिलाई मशीन घ्यायले एका फायनान्सचं ग्रुप लोन घेतलं. मग दुसऱ्याचं घेतलं ते बियाण्यात गेलं, तिसरं पहिल्याचे हप्ते फेडायले. आता हप्तेवाला पोरगा सांजच्याला येते आणि दारात बसते, ग्रुपमधल्या बायाही माह्याच अंगावर येतात. नवरा म्हणते लोन तुह्या नावावर आहे, तू पाय. ब्लाऊज शिवून महिन्याला चार-साडेचार हजार मिळते, हप्ते तेवढेच होते. (दारव्हा तालुका)

उत्तर : असे मेसेज यवतमाळ आणि वाशीमकडून सगळ्यात जास्त आले आणि जवळपास प्रत्येकीत एक लोन बियाण्यात, नाहीतर दवाखान्यात, नाहीतर नवऱ्याच्या गाडीत गेलेलं आहे. कागदावर धंदा बाईचा, पैसा घराचा, आणि कर्ज परत बाईचं. तेव्हा पहिले मनातून हे काढा की तुमचा धंदा बुडाला. महिन्याला साडेचार हजार देणारी शिलाई बुडालेली नाहीये, तिच्यावर शेतीचं ओझं टाकलंय.

नियम सांगते, कारण तो पोरगा सांगणार नाही. रिझर्व्ह बँकेचे मायक्रोफायनान्सचे नियम एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न ३ लाखांपर्यंत आहे त्यांना दिलेलं हे बिनतारण कर्ज. घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नयेत, हे बघणं कर्ज देणाऱ्याचं काम आहे. तुमची तिसरी कंपनी ते बघत होती का, हा प्रश्न तिला लेखी विचारता येतो. वसुली ठरलेल्या जागी करायची, लागोपाठ दोनदा किंवा जास्त वेळा तुम्ही तिथे आल्या नाहीत तरच माणूस घरी येऊ शकतो. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाईकांना त्रास हे तर चालतच नाही. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही. आणि लोनसोबत मिक्सर नाहीतर सोलर दिवा गळ्यात मारला असेल तर तो तुमच्या होकाराशिवाय देता येत नाही.

करायचं काय ते सांगते. तिन्ही कर्जांची कार्डं एकत्र काढा, कोणाचे किती बाकी आणि व्याज किती हे लिहा. सिबिलसारख्या कंपन्यांकडून वर्षातून एकदा रिपोर्ट फुकट मिळतो, तोही काढा, कधी कधी आपल्या नावावर आपल्यालाच माहीत नसलेलं लोन निघतं. मग कंपनीच्या शाखेत लेखी अर्ज द्या की हप्ता कमी करून मुदत वाढवून द्या, पोच घ्या. संध्याकाळी दारात बसणं चालूच राहिलं तर कंपनीच्या तक्रार नंबरवर तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, पोर्टलवर तक्रार होते आणि १४४४८ या नंबरवर माहिती मिळते. चौथं लोन घेऊ नका, कितीही गोड बोलला तरी.

दुसरं, बऱ्याच जणी या ग्रुपलाच बचत गट म्हणतात. तो बचत गट नव्हे. बचत गटात आधी तुमची बचत असते, आपसात कर्ज फिरतं, व्याज गटातच राहतं. नाबार्डने १९९२ मध्ये असे गट बँकेला जोडायला सुरुवात केली, आता उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) किंवा माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) गटांना बँकेचं ३ लाखांपर्यंतचं कर्ज ७ टक्क्यांनी मिळू शकतं. गावात उमेदची सीआरपी, म्हणजे गटांना मदत करणारी गावातलीच बाई असेल, तिला विचारा. जुनं कर्ज गटाच्या कर्जाने बदलून घ्यायची सोय काही ठिकाणी ग्रामसंघ करतात, सगळीकडे नाही.

नवऱ्याबद्दल लांबलचक सल्ला देत नाही. फक्त बियाण्याच्या लोनचा हप्ता सोयाबीन विकल्याच्या पैशातून जाईल हे त्यांच्याकडून सासू-सासऱ्यांसमोर कबूल करून घ्या. एकटीत सांगितलेलं ते विसरतील.

प्रश्न : माझे पती शेतकरी होते, चार वर्षांपूर्वी गेले. मला गावात डाळ मिल टाकायची आहे, तूर आमच्याकडे भरपूर होते आणि लोक दळायला २० किलोमीटर जातात. बँकेत गेले तर सासऱ्याची सही आणि सातबारा आणा म्हणतात. सासरे म्हणतात बाईमाणसाचं काम नाही. (वणी तालुका)

उत्तर : तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, कारण तुम्ही गिऱ्हाईक आधी मोजलंय. डाळ मिल म्हटलं की लोकांना कारखाना वाटतो, पण अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने पीकेव्ही मिनी डाळ मिल कधीचीच काढली आहे, ती एका खोलीत बसते आणि विदर्भात बायकांचे गट ती चालवतात. लोक आपली तूर आणतात, तुम्ही ओरखडून, तेल-पाणी लावून, वाळवून भरडून देता आणि किलोमागे मजुरी घेता. म्हणजे कच्च्या मालात पैसा अडकत नाही, हे सगळ्यात मोठं. चुनी (डाळीचा चुरा) आणि भुसा जनावरांना विकला जातो, काही मिलवाल्या तर चुनीवरच वीजबिल काढतात. अडचण एकच, तूर येते जानेवारी-फेब्रुवारीत, दळण होते उन्हाळ्यात, आणि हप्ता बारा महिने द्यायचा असतो. तेव्हा हरभरा, मूग, उडीद घ्यायचे, मिरची-हळदीची चक्की बाजूला ठेवायची, हे प्रोजेक्ट रिपोर्टमध्येच लिहा. कनेक्शन सिंगल फेज चालेल की थ्री फेज लागेल ते मशीन घेण्याआधी विचारा, नंतर महावितरणच्या चकरा मारण्यात हंगाम जातो.

बँकेचं. सूक्ष्म आणि लघु उद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नका असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेलं आहे. पीएमईजीपी या केंद्राच्या रोजगारनिर्मिती योजनेतून गेल्या तर ग्रामीण भागातल्या महिलेला ३५ टक्के अनुदान आहे आणि स्वतःचे ५ टक्केच घालावे लागतात. मात्र ते अनुदान हातात येत नाही, तीन वर्षं तुमच्या नावाने बँकेत ठेवून मग कर्जात वळतं होतं, त्यामुळे "सरकारचे फुकटचे पैसे" असं कोणी म्हटलं तर त्यांना हे सांगा. मॅनेजर सातबारा मागत असेल तर "नाकारण्याचं कारण लेखी द्या" एवढंच म्हणा, आवाज न चढवता. लेखी म्हटल्यावर बऱ्याच ठिकाणी सूर बदलतो. जागेसाठी सातबारा नसला तरी चालतो, घराचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ नाहीतर भाड्याचा करारनामा लागतो. माहेरच्या किंवा गटातल्या कोणाची खोली भाड्याने मिळाली तरी काम होतं.

आणि जमिनीचा प्रश्न या निमित्ताने सोडवून टाका. सासऱ्याने स्वतः कमावलेली असेल तर ते आहेत तोवर तुम्हाला मागता येत नाही. वडिलोपार्जित असेल तर पतीच्या हिश्श्यात १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तुमचा आणि मुलांचा वाटा आहे, सासूचाही आहे. वकिलाला पैसे नाहीत असं मनात आलं असेल तर, बाईला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती बसते तिथे जा. सासऱ्यांशी मात्र मिल आणि जमीन हे दोन विषय एकाच दिवशी काढू नका.

प्रश्न : मी बी.कॉम.ला आहे. आमच्या भागातल्या उद्योजिकेवर असाइनमेंट आहे. कोणावर लिहू? (मूर्तिजापूर)

उत्तर : तुझ्याच जिल्ह्यातल्या कल्पना सरोज. रोपरखेडा गावात १९६१ चा जन्म, दलित कुटुंब, बाराव्या वर्षी लग्न, सासरी छळ, मग मुंबईत कपड्याच्या कारखान्यात काम, सरकारी योजनेतून कर्ज घेऊन छोटा धंदा, पुढे बंद पडायला आलेली कमानी ट्यूब्ज ही कंपनी हातात घेतली आणि २०१३ मध्ये पद्मश्री. पण नुसती चिंधीतून महालापर्यंत अशी लिहू नकोस बेटा. ते कर्ज कसं मिळालं, कामगारांची थकलेली देणी कशी दिली, कोर्टकचेरी काय झाली हे शोध, तो भाग कोणी लिहीत नाही. जोडीला हा आकडा घे, सहाव्या आर्थिक गणनेत देशातल्या एकूण आस्थापनांपैकी जेमतेम १४ टक्के बायकांच्या हातात होत्या आणि त्यातल्या ७९ टक्के स्वतःच्याच पैशावर उभ्या होत्या. म्हणजे बहुतेकींनी बँकेची पायरी चढलीच नाही, किंवा चढून परत आल्या. तुझ्या गावात किराणा, शिलाई, दूध, पार्लर चालवणाऱ्या दोघी-तिघींना विचार पहिला पैसा कुठून आणला. डोरलं मोडलं असं एक तरी उत्तर येईल. तेच असाइनमेंट.

प्रश्न : मी पुरुष आहे, तुमचं सदर बायको वाचते तेव्हा ऐकतो. तिचा शेवया-कुरड्यांचा धंदा माझ्या पाच एकरापेक्षा जास्त देऊन राहिला. गावात लोकं बोलतात. मी काय करायला पाहिजे? (देवळी तालुका)

उत्तर : भाऊ, विचारलंत हे चांगलं केलं. लोकं बोलणारच, सोयाबीनचा भाव पडला तेव्हाही बोलत होती, तुमचा हप्ता भरायला कोणी आलं नाही.

कामं सांगते. तिच्या पासबुकाला आणि एटीएम कार्डाला हात लावू नका, लाडक्या बहिणीचे १५०० येतात तेही त्यातच राहू द्या, शेवयांच्या रव्याला भांडवल म्हणून ते पुरतात. तालुक्याला माल तुम्ही पोचवत असाल तर तुमची मजुरी तिच्या वहीत लावून घ्या, लाजू नका, तिलाही धंद्याचा खरा खर्च कळेल. उन्हाळ्यात शेवयांचे दिवस असतात तेव्हा घरचा स्वयंपाक तुमच्याकडे. तिला गाडी चालवायला शिकवा आणि लायसन काढून द्या, प्रत्येक वेळी तुमची वाट बघण्यात तिच्या ऑर्डरी जातात.

आणि पाच एकरावर तिचं नाव लावा. नवऱ्याने हयातीत बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावावं यासाठी लक्ष्मी मुक्ती योजना आहे, शेतकरी संघटनेने आधी ही मोहीम चालवली आणि मग १९९२ मध्ये शासनाने निर्णय काढला. तहसीलमध्ये अर्ज द्यायचा आणि फेरफार झाला की उतारा काढून बघायचा. घराच्या नमुना ८ वरही दोघांची नावं लागतात, ग्रामपंचायतीत सांगा. उद्या तिला पॅकिंगसाठी शेड टाकायची झाली तर कागदं तिच्या नावाने निघतील, आणि तुमची सही मागायला बँकवाला तुम्हाला शेतातून बोलावणार नाही.